संध्याकाळी पाय सुजतात, सकाळी उतरतात. सहा महिने झाले, नेमकं कशामुळं?

गोदाकाठचा | ४ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वय ४९, परभणी जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षक आहे. पोळ्याच्या आसपास सुरू झालं. दोन्ही पाय घोट्यापासून चार बोटं वरपर्यंत सुजतात, डावा जास्त. सकाळी उठलो की जाग्यावर असतात. दुपारच्या सुट्टीनंतर बूट आवळायला लागतो, आणि घरी येऊन मोजे काढले की रबराचा वण रात्री जेवण होईपर्यंत जात नाही. फार दुखत नाही, पण ओलं पोतं बांधल्यासारखं जड वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत बरंच कमी झालं होतं, शाळा उघडली की परत. सध्या दहावीचं सुपरव्हिजन चालू आहे, तीन तास उभं. काल घरी येईपर्यंत चपलेत पाय मावेना.

गावातल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. तीन दिवस उतरली, गोळी संपली की पुन्हा तेच. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.०, हिमोग्लोबिन १३. शेजारचे म्हणतात किडनी, मेहुणे म्हणतात वात, बायको म्हणते मीठ, आईच्या मते नजर.

कुणाला असं झालंय का? "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका. चार जणांना दाखवून झालं.

---

हुरडा_पार्टी | ४ मार्च, रात्री १०:१५

सर, मी वहिनींच्या पार्टीत. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात, म्हणजे एक चहाचा चमचा. आपल्याकडं सकाळच्या भाकरीबरोबरचा ठेचा, लोणच्याची फोड आणि दोन पापड यातच तो चमचा संपतो. मधल्या सुट्टीतली चुरमुऱ्यांची सुशीला आणि वरची शेव वेगळीच. एक आठवडा लोणचं-पापड बंद करून बघा, फुकटचा उपाय आहे.

---

लाल_डबा | ४ मार्च, रात्री ११:०२

सर मी बी त्यातलाच. एसटीत कंडक्टर, २२ वर्षं झाली. आमच्यात निम्म्या लोकांचे पाय सुजायलेत, कुणी बोलत नाही एवढंच. उभं ऱ्हाणं, नाहीतर तासंतास एका जागी बसणं. पण एक सांगतो. आमच्या डेपोतला एक ड्रायव्हर असंच "उभं राहून होतंय" म्हणत बसला. नंतर नंतर त्याला आडवं झालं की दम लागायचा, दोन उशा घेऊन झोपायचा. इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला तर हृदयाचं पंपिंग कमी निघालं. आता औषधावर ठीक आहे. म्हणून विचारतो, जिना चढताना धाप लागती का?

---

निवृत्त_सिस्टर | ५ मार्च, सकाळी ७:३०

कंडक्टरभाऊंनी नेमका प्रश्न विचारला. तीस वर्षं वॉर्डात काढली म्हणून सांगते, सूज हा काही एक आजार नाही. ती निरोप आहे. कुणाचा निरोप ते पायाकडं बघून पुष्कळदा कळतं, पण कुणी पाय बघत नाही, सगळे रिपोर्ट बघतात.

सर, आज संध्याकाळी पायावर उजेड पाडून बसा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दाबून धरा आणि सावकाश दहापर्यंत मोजा. अंगठा उचलल्यावर खड्डा राहतो का? किती वेळानं भरतो? पायाची बोटं आणि पावलाची वरची बाजूही सुजते का, का फक्त घोटा? घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट-तांबूस झाली आहे का, खाज येते का? पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा? सकाळी डोळ्यांखाली सूज असते का, लघवीला साबणासारखा फेस येतो का? किडनीतून प्रथिनं गळायला लागली की चेहरा आधी सांगतो, आणि क्रिएटिनिन तोवर बरोबर असू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं का ते बघा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: कुठली औषधं चालू आहेत? सगळी लिहा. गुडघ्याची, पित्ताची, काढे, मलम, मित्रानं दिलेली, सगळी.

---

गोदाकाठचा | ५ मार्च, रात्री ९:२०

सिस्टर, तुमच्या सांगण्याप्रमाणं बसलो. मुलगी मोबाईलवर सेकंद मोजत होती. खड्डा पडतो, उजव्या पायाचा पंचवीस सेकंदांत भरला, डाव्याचा साठ झाले तरी दिसत होता. डाव्या घोट्याच्या आत रुपयाएवढा काळपट डाग आहे, मला वाटायचं चपलेचा घट्टा. शिरा आहेत, पण त्या वडिलांनाही होत्या, म्हणून लक्ष दिलं नव्हतं. चेहरा सुजत नाही. फेस नाही. दम नाही, दुसऱ्या मजल्यावर वर्ग आहे माझा.

औषध तसं काही चालू नाही. बीपीची गोळी आहे ती आपली रोजची, चार वर्षांपासून. आणि गुडघ्यासाठी अधूनमधून मेडिकलमधून आणतो ती.

---

मेडिकल_काउंटर | ५ मार्च, रात्री १०:०५

"औषध तसं काही चालू नाही" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकतो 😀 बीपीच्या गोळीला लोक औषध धरतच नाहीत, ती चहासारखी झालेली असते.

सर, स्ट्रिप हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. अॅम्लोडिपिन आहे का? ५ का १०? आणि कधी वाढवली?

---

गोदाकाठचा | ५ मार्च, रात्री १०:२२

अॅम्लोडिपिन १०. आधी ५ होती. बीपी १६० च्या घरात जात होतं म्हणून वाढवली... पोळ्याच्या आधी. 😶 गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅक. अधूनमधून म्हणजे, खरं सांगायचं तर रोज एक. रात्री पोटरीला वांब येतात, त्यासाठी कधी दोन.

---

मेडिकल_काउंटर | ५ मार्च, रात्री ११:१०

आता माझं ऐका, मग तुमच्या डॉक्टरांना जाऊन विचारा. मी डॉक्टर नाही, पण काउंटरवर हे चक्र रोज बघतो.

गुडघा दुखला, डायक्लोफिनॅक सुरू. ही जात किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावते आणि बीपी चढवते. बीपी चढलं म्हणून अॅम्लोडिपिन ५ ची १० झाली. अॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, पण पलीकडच्या, रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. म्हणजे चारीत पाणी जोरात सोडलं आणि पुढचा दांड अरुंदच राहिला. मग पाणी बांधावरून पाझरणारच, आणि दिवसभर उभ्या माणसात ते घोट्यापाशी साठतं. ५ पेक्षा १० ला हे जास्त होतं. मग सुजेसाठी लघवीची गोळी. पण ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नाही, पाझरल्याची आहे, म्हणून तिला लघवीची गोळी फारशी लागू पडत नाही. उलट पोटॅशियम जातं आणि रात्री वांब येतात. वांब आले की तुम्ही पुन्हा डायक्लोफिनॅक. फिरला का रहाट?

लघवीच्या गोळीनं तीन दिवस उतरली ती बहुतेक डायक्लोफिनॅकनं साठलेल्या पाण्याची असेल.

---

गोदाकाठचा | ५ मार्च, रात्री ११:१८

डोकं गरगरलं. मग बीपीची गोळी उद्यापासून बंद करतो.

---

निवृत्त_सिस्टर | ५ मार्च, रात्री ११:२५

अजिबात नाही! बीपीची गोळी मनानं बंद करून अर्धांग झालेली माणसं मी उचलून बेडवर ठेवली आहेत. बंद करायची तर ती मेडिकलमधून आणलेली गुडघ्याची, तीही ज्यांनी तुम्हाला तपासलंय त्यांना सांगून. अॅम्लोडिपिनला पर्याय आहेत, त्याच घराण्यातली सिल्निडिपीन कमी सुजवते, टेल्मिसार्टन जोडीला दिलं तरी सूज घटते. पण कुणाला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि पिशवीच त्यांच्या टेबलावर उपडी करा.

आणि तो काळपट डाग गोळीनं येत नाही हं. त्याचं वेगळं बघावं लागेल.

---

बालाघाटी | ६ मार्च, सकाळी ८:००

एवढ्या इंग्रजी गोळ्यांची नावं वाचूनच पाय सुजायचे. आमच्या आजीकडं दोनच उपाय होते: पावसाळ्यात घेटुळीची भाजी (पुनर्नवा हो, शहरात पावडर करून विकतात तीच) आणि सराट्याचा काढा. शेतात सराटे फुकट मिळतात, पायात मोडले की शिव्या देतो आपण, त्यालाच वैद्य गोखरू म्हणतात. आणि ठसठस असेल तर बिब्बा.

---

करडईचं_फूल | ६ मार्च, सकाळी ९:४०

दादा, बिब्ब्याचं नाव काढू नका. माझ्या वडिलांना साखर आहे, पाय सुजला म्हणून गावाकडं एकानं घोट्याला बिब्बा घातला. पायाला संवेदना कमी, त्यांना भाजलेलं कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी मोजा काढला तेव्हा कातडी मोज्याबरोबर आली. दीड महिना ड्रेसिंग चाललं. पाय वाचला हे नशीब. पण तो बिब्बा घालणारा घरी येऊन बघून गेला तेव्हा म्हणतो, "उतरली की सूज!"

---

निवृत्त_सिस्टर | ६ मार्च, सकाळी १०:१०

घेटुळी भाजी म्हणून खुशाल खा, मलाही आवडते, वरून लसणाची फोडणी. काढा मात्र लघवीच्या गोळीबरोबर किंवा किडनी कमजोर असताना मनानं घेऊ नये. साखरवाल्यांच्या पायाला बिब्बा, शेक, गरम पाण्याची पिशवी यातलं काहीही नको. त्यांचा पाय तापत नाही, भाजतो.

---

येसर_आमटी | ७ मार्च, दुपारी ३:३०

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या सासूबाई, वय ५८. दोन्ही पाय सुजतात, चेहरा गोल झालाय, भूक वाढलीये. गुडघ्यासाठी आठवडी बाजारातून एक पुडी आणतात, "शुद्ध जडीबुटी". पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी टुणटुणीत चालतात. चार दिवस नाही घेतली तर अंग मोडून येतं.

---

मेडिकल_काउंटर | ७ मार्च, दुपारी ४:१५

ताई, एका रात्रीत गुडघा पळायला लावणारी जडीबुटी अजून जन्मायची आहे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याची शक्यता मोठी असते. गोल चेहरा, भूक, सूज, साखर-बीपी वाढणं, सगळं त्यात बसतं. पण अचानक बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं, एकदम तोडलं तर माणूस गळून पडतो, बीपी खाली जातं. पुडी घेऊन फिजिशियनकडं जा, ते हळूहळू उतरवतील.

---

नाभीघाट | ८ मार्च, रात्री ८:४५

नांदेडकडून लिहितोय. कुणी हत्तीरोगाचं नाव घेतलं नाही म्हणून. नांदेड, लातूर, धाराशिव हे तिन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या यादीत आलेले. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या घरोघर वाटायला आशाताई यायच्या आणि लोक गोळी खिडकीतून फेकायचे, मीही एकदा फेकलीय.

आमच्या काकांचं असं झालं: वर्षातून तीन-चारदा हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधाण (गाठ), एक पाय लालभडक. चार-पाच दिवसांत उतरायचं. दर वेळी थोडी सूज मागं ठेवून. सुरुवातीला अंगठा दाबला की खड्डा पडायचा, आता पडत नाही, कातडी सायकलच्या सीटसारखी झाली. यातले जंतू रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री साडेआठनंतर घेतात. आणि जुनी सूज असेल तर त्यात कधी जंतू सापडतही नाहीत. गटारात वाढणारा क्युलेक्स डास हे पसरवतो.

काकांचा उपाय ऐकाल तर हसाल. साबण आणि पाणी. रोज रात्री पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायच्या, चिखल्या दिसल्या की बुरशीचं मलम, झोपताना पाय उंच. सूज पूर्ण गेली नाही, पण दोन वर्षांत ताप एकदाच आला. ताप आणणारे जंतू (हत्तीरोगाचे नव्हे, दुसरे) आत शिरायची वाट त्या बेचक्यांतल्या भेगांतूनच असते म्हणे.

---

निवृत्त_सिस्टर | ८ मार्च, रात्री ९:३०

अगदी बरोबर. आणि हत्तीरोग नसला तरी साखरवाल्यांना बेचक्यांतून वारंवार सेल्युलायटिस (कातडीखाली जंतूंची लागण) होतो, तोही असाच लाल, गरम, ताप घेऊन येतो. "परत परत येणारी सूज" म्हणतो त्यातला हा मोठा भाग आहे, आणि पाव किलोच्या साबणात बराचसा टळतो.

---

हुरडा_पार्टी | ९ मार्च, दुपारी १:००

व्हॉट्सअॅपवर फिरतंय की बाजारातल्या तेलानं पाय सुजतात. खरं का?

---

मेडिकल_काउंटर | ९ मार्च, दुपारी १:४०

एक खरी गोष्ट फुगवलेली आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि घरंच्या घरं सुजली, काही माणसं दगावली. तेव्हा एकाच घरात सगळ्यांचे पाय एकदम सुजले तर तेलाकडं बघायचं. आपल्याकडं करडई-शेंगदाणा-सोयाबीन. फक्त सरांचेच सुजतात म्हणजे तेल निर्दोष 😀

---

दुधना_काठ | ११ मार्च, सकाळी ६:५०

कालच हा धागा वाचला. मी ४४ वर्षांची. परवा रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आले, दहा तास एका जागी. कालपासून फक्त उजवी पोटरी सुजली आहे, गरम लागते, पाऊल टेकवलं की कळ येते. बसून वांब आला असेल ना? बाम चोळला. पाळीच्या त्रासासाठी तीन महिन्यांपासून हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. उतरली नाही तर सोमवारी दाखवते.

---

निवृत्त_सिस्टर | ११ मार्च, सकाळी ६:५८

सोमवारी नाही, आत्ता. चोळणं थांबवा. एकच पाय, अचानक, गरम, लांबचा प्रवास आणि हार्मोनच्या गोळ्या, हे शिरेत रक्ताची गाठ असण्याचं चित्र आहे. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जिथं डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) होतं अशा दवाखान्यात जा, कुणाला तरी बरोबर घ्या. छातीत दुखलं, दम लागला, तर १०८ ला फोन. पोहोचलात की इथं एक शब्द लिहा.

---

लाल_डबा | ११ मार्च, सकाळी ७:०५

ताई निघालात का?

---

दुधना_काठ | ११ मार्च, सकाळी ७:२०

निघतेय. मिस्टर गाडी काढायलेत.

---

गोदाकाठचा | १२ मार्च, रात्री ९:००

ताईंची काही खबर?

---

दुधना_काठ | १६ मार्च, दुपारी १२:३०

आज घरी आले. गाठ निघाली, गुडघ्याच्या मागच्या शिरेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू, निदान तीन महिने. हार्मोनच्या गोळ्या बंद, स्त्रीरोगतज्ज्ञ दुसरं काहीतरी देणार. त्यांनी विचारलं, एवढ्या लवकर कशा आलात? मी म्हटलं, आमच्या एका सिस्टर आहेत. नाव माहीत नाही.

---

निवृत्त_सिस्टर | १६ मार्च, दुपारी १:१०

🙏 गोळी एकही दिवस चुकवू नका. आणि बाम फेकून द्या.

---

गोदाकाठचा | २९ मार्च, रात्री ९:१५

अपडेट. पिशवी उपडी केली. डॉक्टर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग डायक्लोफिनॅकची स्ट्रिप बाजूला करून म्हणाले, "ही मी कधी दिली?" मी म्हटलं, तुम्ही नाही, मेडिकलमधून. मग अॅम्लोडिपिन थांबवून सिल्निडिपीन आणि टेल्मिसार्टन दिलं, लघवीची गोळी बंद, गुडघ्याला व्यायाम. दोन आठवड्यांनी किडनी आणि पोटॅशियम तपासलं, ठीक. लघवीतलं अल्ब्युमिन नॉर्मल, टीएसएच (थायरॉइड) नॉर्मल, इसीजी-इको नॉर्मल. बीपी १३०/८०. गंमत म्हणजे गुडघ्याची गोळी थांबली तेव्हाच थोडं उतरलं होतं.

उजवा पाय साफ उतरला! मोज्याचा वणसुद्धा नाही. पण डावा... निम्मा उतरला आणि तिथंच अडकला. डॉपलर करून घेतलं. रिपोर्टमध्ये "गाठ नाही, नॉर्मल". म्हणजे आता काय शोधायचं?

---

निवृत्त_सिस्टर | ३० मार्च, सकाळी ७:४५

तपासताना तुम्ही झोपलेले होता का उभे?

---

गोदाकाठचा | ३० मार्च, सकाळी ८:०५

झोपलेलो. पाच मिनिटांत झालं.

---

निवृत्त_सिस्टर | ३० मार्च, सकाळी ८:३०

मग त्यांनी गाठ आहे का एवढंच बघितलं, आणि ते बरोबर बघितलं. शिरांच्या झडपा गळतात का हे बघायला माणसाला उभं करून, पोटरी दाबून-सोडून बघावं लागतं. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. तो काळपट डाग मी विसरले नाही.

आणि धागा वाचणाऱ्या बायकांसाठी एक: चाळिशीनंतर एकाच पायाची सूज हळूहळू वाढत असेल, पायात काहीच सापडत नसेल, तर पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या. वर पोटात मांसाची गाठ असेल तर ती शीर दाबते आणि तक्रार खाली दिसते. मी अशा दोघी बघितल्या, दोघी आधी वर्षभर पायच चोळत होत्या.

---

गोदाकाठचा | २१ एप्रिल, रात्री १०:४०

सिस्टर, साष्टांग. उभं करून डॉपलर केलं. डाव्या पायाच्या कातडीलगतच्या मोठ्या शिरेच्या झडपा गळतात. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. पोटरी दाबली की रक्त वर जायचं, सोडली की तेच रक्त भसकन खाली. मी शेतकऱ्याचा पोरगा, बघताक्षणी म्हणालो, "साहेब, हा तर फुटबॉल खराब झालाय!"

शहरातल्यांसाठी: विहिरीतल्या पाईपच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो, आमच्याकडं सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात. मोटार बंद झाली तरी पाईपातलं पाणी खाली जाऊ नये म्हणून. तो गळका झाला की मोटार कितीही चांगली असो, दर वेळी पाईप रिकामा. पायात मोटार म्हणजे पोटरी. चाललं की ती रक्त वर ढकलते, उभं राहिलं की मोटार बंद, आणि झडपा गळक्या असल्या की सगळा भार घोट्यावर. त्या भारानं रक्तातलं लोह कातडीत मुरतं, तोच डाग. असाच चालू ठेवला तर तिथंच जखम होते आणि भरता भरत नाही. वडिलांच्या घोट्याला शेवटची सहा वर्षं होती ती जखम. आम्ही तिला "साखरेची" म्हणायचो. त्यांना साखर नव्हतीच.

म्हणजे माझ्या दोन सुजा होत्या, एकात एक गुंतलेल्या. गोळीची दोन्ही पायांत, शिरेची डाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत कमी झाली ती उभं राहणं थांबल्यामुळं, आणि त्यामुळंच सगळ्यांना वाटलं उभं राहण्यापलीकडं काही नाही.

उपाय दोन सांगितले. लेझरनं ती शीर बंद करणं, उन्हाळ्याच्या सुट्टीत करू म्हणाले. तोवर डाव्या पायाला क्लास २ चा, म्हणजे मध्यम दाबाचा मोजा. आणि वर्गात एका जागी थांबू नका, बाकांमधून फिरा. पोरं म्हणायलेत सरांनी कॉपी पकडायची नवीन पद्धत काढली.

---

लाल_डबा | २१ एप्रिल, रात्री ११:१५

फुटबॉल 😂 आता डेपोत सगळ्यांना सांगतो. सर ते मोजे मी बी घेऊ का? केवढ्याला पडले?

---

निवृत्त_सिस्टर | २२ एप्रिल, सकाळी ७:२०

भाऊ, आधी पावलावरची नाडी तपासून घ्या. बिडी-तंबाखू किंवा साखर असेल तर नक्कीच. पायाकडं जाणारं रक्तच कमी असेल तर घट्ट मोज्यानं पाय काळा पडतो. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं, घोट्याचा सर्वांत बारीक भाग आणि पोटरीचा सर्वांत जाड. दुकानदार "फ्री साइज" म्हणाला तर उठून या.

---

बालाघाटी | २२ एप्रिल, दुपारी २:००

सर, ४२ डिग्रीत पोटरीपर्यंत रबरी मोजे? त्यापेक्षा सूज बरी.

---

गोदाकाठचा | २२ एप्रिल, रात्री ९:३०

पहिल्या दिवशी मीही तेच म्हणालो. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आत घालायचे, म्हणजे झोपेतच कुस्ती. मोजा अर्धा उलटा करून आधी टाच बसवायची, मग वर सरकवायचा. हे मुलीनं व्हिडिओ बघून शिकवलं. त्याआधी मी अंगठा धरून ओढत होतो आणि पाठीत चमक भरली. दुपारी दोनच्या तासाला वाटतं फाडून टाकावा. पण काल चार वाजता बूट सैल होता. पोळ्यानंतर पहिल्यांदा.

रोज रात्री धुऊन वाळत घालतो. बायको म्हणते तारेवर लटकलेला एकच लांब मोजा बघून शेजारची विचारत होती, दुसरा कुणी नेला का.

---

येसर_आमटी | २३ एप्रिल, सकाळी ११:००

सर, उन्हात वाळवू नका, रबर जातं. सावलीत घाला. आणि हो, सासूबाईंची पुडी डॉक्टरांनी निम्म्यावर आणली. बाजाराच्या दिवशी मी बरोबर जाते आता, भाजीच्या निमित्तानं.